नवशिका पुजारी: चार सेशन झाली तरी त्याचं नाव कोणाला आठवेना

दिवटी | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेले दोन महिने मी घरी डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (डीएनडी, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ हे तयार साहस चालवते आहे, मराठीतून; मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी. पाच खेळाडू आहेत. तिघं पुण्यात माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, दोघं परदेशातून स्क्रीनवर येतात. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत, क्लेरिक (देवाच्या बळावर जखमा बऱ्या करणारं पुजारी पात्र) कोणीच घेतला नाही. ज्यांनी हे साहस खेळलंय त्यांना आठवत असेल, फँडालिन गावात टायमोराचं, म्हणजे नशिबाच्या देवीचं, एक छोटं दगडी देऊळ आहे. ते सिस्टर गॅरेल नावाची तरुण एल्फ सांभाळते. गंमत म्हणजे पुस्तकात ती स्वतःच अकोलाइट, म्हणजे नवशिकी, आहे, मोठी पुजारीण नव्हे. मी तिच्या हाताखाली आणखी एक सतरा वर्षांचा पोरगा घातला, तोबिन, आणि त्याला पार्टीबरोबर धाडलं.

आकडे २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या (खेळातल्या तयार पात्रांचं पुस्तक) अकोलाइटचे जसेच्या तसे घेतले. ९ हिट पॉइंट (संपले की पात्र कोसळतं), आर्मर क्लास १० (शत्रूच्या फाशाने गाठायचा आकडा), हातात एक सोटा, पहिल्या पातळीचे तीन स्पेल स्लॉट (म्हणजे दिवसाला असे तीनच मंत्र). त्या पातळीचे मंत्र तीन: ब्लेस (आशीर्वाद), क्युअर वुंड्स (जखम भरणं), सँक्च्युअरी (अभय).

पहिल्या सेशनला मी त्याच्यासाठी खूप तयारी केली होती. त्याचा आवाज, त्याची देवीची चांदीची नाणी मोजायची सवय, सगळं. दुसऱ्या सेशनपर्यंत तो नुसता ‘हीलर’ (बरं करणारा) झाला. तिसऱ्यात ‘हीलरकडे किती उरलेत?’ एवढंच विचारलं जायला लागलं. काल चौथं सेशन झालं. आमची रोग (इंग्रजी rogue, चोरटं पात्र) खेळणारी मैत्रीण नोंदवही उघडून म्हणाली, “अगं, त्या पुजाऱ्याचं नाव काय होतं?” बाकीच्या चौघांनाही आठवेना.

मला ते लागलं. त्यांची चूक नाही, मीच त्याला कुठेतरी औषधाची बाटली करून ठेवलंय. पण उलटी भीतीही आहे. मी त्याला जास्त बोलायला लावलं, तर डीएमचंच लाडकं पात्र खेळाडूंच्या डोक्यावर बसतं, आणि ते मला मुळीच नको आहे. नवशिका पुजारी सहायक पात्र म्हणून जिवंत कसा ठेवायचा?

पाचवा_फासा | रविवार, रात्री ११:५८

मी तर म्हणेन, त्याचे मंत्रच काढून घे.

हे क्रूर वाटेल, पण या खेळाची सुरुवात तशीच आहे. १९७४च्या मूळ डीएनडीत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तीनच वर्ग दिले होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. त्यात क्लेरिकच्या प्रत्येक पातळीला एक पदवी होती. पहिल्या पातळीची पदवी अकोलाइट, आणि पहिल्या पातळीला मंत्र शून्य. एकही नाही. दुसऱ्या पातळीला पोचल्यावर पहिला मंत्र मिळायचा. १९८१च्या बेसिक संचातही तसंच होतं. १९७८च्या अ‍ॅडव्हान्स्ड डीएनडीत मात्र पहिल्याच पातळीला मंत्र आला.

मग त्या बिचाऱ्याकडे होतं काय? देवाचं चिन्ह वर धरून सांगाडे, झोंबी अशा चालत्या-फिरत्या मेलेल्यांना मागे हटवणं. १९८१च्या नियमांत पहिल्या पातळीच्या क्लेरिकसमोर सांगाडे आले की दोन फासे टाकायचे. सात किंवा जास्त आले तर ते मागे फिरतात. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त वेळा जमतं. झोंबीसाठी नऊ लागतात, घूलसाठी अकरा. विचार कर: एक पोरगा, जखम भरून काढायची ताकद अजून मिळालेली नाही, तरी अंधारात सगळ्यात पुढे उभा राहून हात वर धरतो, आणि आत्ता जमेल की नाही हे त्यालाही ठाऊक नाही. मला अख्ख्या खेळात याच्याइतकं हृदयाला भिडणारं पात्र दुसरं दिसत नाही.

क्लेरिक हा वर्गच मुळात त्याच गरजेतून आला. आर्नेसनच्या ब्लॅकमूर मोहिमेत सर फँग नावाचा व्हँपायर झालेला खेळाडू कोणाला आवरेना, त्याला तोड म्हणून हे पात्र घडवलं गेलं. जखमा भरणं हे त्याचं मूळ काम नव्हतं, अंधारासमोर उभं राहणं हे होतं.

वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या अशाच दुसऱ्या खेळातही बघ. २००५च्या दुसऱ्या आवृत्तीत इनिशिएट (देवळातला नवशिका) हा पेशा घेतला तर दैवी जादू मिळत नाही. लिहिता-वाचता येतं, धर्मशास्त्र येतं, थोडी मलमपट्टी येते. जादू पुढच्या पायरीवर, प्रीस्ट झाल्यावर.

खडीसाखर | सोमवार, सकाळी ८:१०

पाचवा_फासा, इतिहास आवडला, पण उपाय पटला नाही. पार्टीत दुसरं कोणी बरं करणारं नाही. मंत्र काढून घेतले तर तोबिन माणूस होणार नाही, फक्त रिकामी बाटली होईल.

दिवटी, तुझ्या हातात जे आकडे आहेत त्यातच नाट्य आहे, ते तू टेबलावर येऊ दिलेलं नाहीस. क्युअर वुंड्स लांबून करता येत नाही, स्पर्श लागतो. म्हणजे योद्धा जिथे पडला तिथपर्यंत ९ हिट पॉइंटच्या पोराला चालत जावं लागतं. गॉब्लिनचा (छोट्या राक्षसाचा) बाण +४ ने येतो, म्हणजे फाशात चार मिळवायचे. विसाच्या फाशावर सहा पडला तरी आर्मर क्लास १० ला लागतो. एका बाणाने साधारण पाच जातात. दोन बाण, आणि तोबिन आडवा. आणि एवढं करून तो परत किती देणार? एक डी८ (आठ बाजूंचा फासा) आणि वर दोन.

तू लढाईत त्याची पाळी कशी चालवतेस? बहुधा “तो येतो, बरं करतो, सात पॉइंट घे” असं एका वाक्यात. मीही तेच करायचो. आता तेवढं अंतर मोजून बघ. तो कुठे उभा आहे, वाटेत कोण आहे, कोणत्या झाडामागून तो डोकावतो आहे. ते वीस फूट हेच त्याचं सगळं पात्र आहे.

दुसरं म्हणजे, तीन स्लॉट आणि तीन मंत्र, तर निवड त्याची असू दे. ब्लेसने तिघांना एक डी४ मिळतो, पण त्याला मन एकाग्र ठेवावं लागतं. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनच्या (शरीराच्या चिवटपणाच्या) फाशावर दहा काढायचे, आणि त्याचं कॉन्स्टिट्यूशन दहाच आहे, म्हणजे वर काहीच मिळत नाही. सँक्च्युअरी मात्र मला खरा नवशिक्याचा मंत्र वाटतो. ज्याच्यावर केला त्याच्यावर हल्ला करायला शत्रूला आधी विज्डम सेव्ह (शहाणपणाचा बचावाचा फासा) काढावा लागतो, पण संरक्षण असलेल्याने स्वतः हल्ला केला की मंत्र तुटतो. भित्रा पोरगा तो पहिल्यांदा स्वतःवर करेल. दोन सेशनांनंतर दुसऱ्या कोणावर करेल. तो दिवस खेळाडू विसरणार नाहीत.

तांबूस | सोमवार, सकाळी ९:०२

खडीसाखरला +१. त्या वीस फुटांबद्दल कधी विचारच केला नव्हता.

रानजाई | सोमवार, दुपारी १:३०

मी नियमांतली नाही, भाषेबद्दल विचारते. तुम्ही खेळ मराठीत चालवता ना? मग टेबलावर त्याला काय म्हणता? ‘पुजारी’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गाभाऱ्यातला पूर्ण वाढलेला माणूस येतो. ‘गुरव’ म्हटलं तर वंशपरंपरेचा मान येतो, तो इथे बसत नाही. ‘बटू’ म्हटलं तर मुंजीतला मुलगा. नाव विसरायला होतं त्याचं एक कारण हेही असेल की त्याला धड शब्दच नाही, म्हणून तो ‘हीलर’ होतो.

दिवटी | सोमवार, दुपारी २:१५

रानजाई, अगदी नेमकं बोट ठेवलंस. मी ‘नवदीक्षित’ म्हणून सुरुवात केली होती. तो शब्द वाचायला छान, पण लढाईच्या घाईत कोणाच्या तोंडात बसेना.

रानजाई | सोमवार, दुपारी २:४०

‘उमेदवार’ घेऊन बघ. आज तो शब्द निवडणुकीने पळवलाय खरा, पण सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात, वकिलाच्या हाताखाली माणसं उमेदवारीच करायची. पगार नाममात्र, झाडलोटीपासून सुरुवात, आणि एक दिवस आपणही गादीवर बसू ही आशा. उमेद त्या शब्दातच आहे. ‘देवळातला उमेदवार’. पोरगा लगेच दिसतो.

आणि शिकण्याची रीत त्याच्या बोलण्यात आण. माझे एक मामेआजोबा वेदपाठशाळेत शिकले होते. ते संथेबद्दल सांगायचे: गुरुजी एकदा म्हणणार, मुलांनी दोनदा म्हणायचं, चुकलं की तिथूनच पुन्हा. ते म्हणायचे, मोठेपणी घाबरलो की अर्थ आठवायचा नाही, पण पुढचं अक्षर आपोआप तोंडात यायचं. टायमोराच्या देवळाला आपली पाठशाळा करू नकोस, ते जग वेगळं आहे, त्याला त्याचं राहू दे. पण मंत्र म्हणताना एका ठिकाणी नेहमी अडणारा आणि मागच्या ओळीपासून पुन्हा सुरू करणारा मुलगा कुठल्याही देवाच्या देवळात असतोच.

माडाची_सावली | सोमवार, संध्याकाळी ७:४५

मी गोव्याचा. लहानपणी पाच वर्षं चर्चमध्ये मिसाला (चर्चच्या मुख्य विधीला) वेदीपाशी मदत करायचो, म्हणून या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

अकोलाइट हा शब्द ग्रीकमधून आलाय, अर्थ ‘मागून चालणारा’. कॅथलिक चर्चमध्ये शेकडो वर्षं ही याजकपदाच्या वाटेवरची एक ठरलेली पायरी होती. चार कनिष्ठ पदं होती: द्वारपाल, वाचक, भूत काढणारा आणि अकोलाइट. चौघांत अकोलाइट वरचा. त्याचं काम मेणबत्त्या लावणं, आणि वेदीपाशी द्राक्षारस व पाणी नेऊन देणं. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी ही जुनी रचना बदलली, तरी वाचक आणि अकोलाइट ही दोन सेवापदं ठेवली.

सांगायचं हे, की नवशिक्याचं सगळं काम हाताचं असतं. शब्द फादरचे, हात आमचे. धूपदाणीतले निखारे कधी फुंकायचे, साखळी किती आखूड धरायची म्हणजे ती झग्याला लागणार नाही, घंटी नेमकी कोणत्या क्षणी वाजवायची. एकदा माझी घंटी उशिरा वाजली. कोणी रागावलं नाही, पण आज पंचवीस वर्षांनीही तो क्षण आला की माझा हात आपोआप घट्ट होतो.

तुझ्या तोबिनला असं एखादं काम दे. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये (खेळाडूंच्या नियमपुस्तकात) अकोलाइट पार्श्वभूमीच्या सामानात धूपाच्या पाच काड्या आहेत, बघितल्यास? पाचच. मी तर त्यांचीच एक गोष्ट करीन. पार्टीतल्या प्रत्येकाच्या नावाने एक, आणि कधी लावायची हे तो ठरवणार. किंवा रात्री पहाऱ्याच्या वेळी सगळे झोपले की हा सगळ्यांच्या कंदिलांच्या वाती कातरतो. खेळाडूंना ते कधी सांगू नकोस, फक्त सकाळी कंदील नीट जळतात एवढं सांग. कोणीतरी विचारेलच.

अनवट | सोमवार, रात्री १०:३०

पुढे दोन जुन्या साहसांचा रहस्यभेद आहे. खेळणार असाल तर हा प्रतिसाद सोडून द्या.

नवशिका पुजारी बरं करण्यापलीकडे काय करू शकतो, याची सगळ्यात चांगली उदाहरणं मला गावात थांबलेल्या, पार्टीबरोबर न जाणाऱ्या पोरांत सापडली.

पहिलं, गायगॅक्सचं १९७९चं ‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. गडावर एक देऊळ आहे, तिथे क्युरेट (देवळाचा मुख्य पुजारी) आणि त्याचे तीन अकोलाइट. गडावर दुसराही एक हसतमुख पुजारी उतरलाय. तो खरा तर दुष्टांच्या बाजूचा हेर. क्युरेटला त्याचा संशय आहे, पण तो सहज बोलून दाखवत नाही. आणि तिन्ही पोरांना मात्र तो पाहुणा फार थोर वाटतो, विचारेल त्याला ती तसं सांगतात. या एका ओळीत केवढं आहे! ती पोरं खोटं बोलत नाहीत. मनापासून बोलतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो, आणि म्हणूनच पार्टी मरते.

दुसरं, २०१६चं ‘कर्स ऑफ स्ट्राड’. वल्लाकी गावात फादर ल्यूशियनच्या चर्चखाली संत आंद्रालच्या अस्थी आहेत, त्यांच्यामुळे ती जागा पवित्र आहे. फादरने हे गुपित वेदीवरच्या मुलाला, येस्काला, सांगितलं. येस्काने ते कबरी खणणाऱ्या मिलिवोयला सांगितलं. अस्थी चोरीला गेल्या, आणि चर्च उघडं पडलं. मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा एक मोठी गोष्ट आली होती, आणि ती एकट्याने सांभाळणं त्याला झेपलं नाही.

मला म्हणायचंय ते हे: नवशिक्याकडे ताकद कमी असते, पण विश्वास पूर्ण असतो. तो विश्वास कुठेतरी जाऊन बसणारच. चुकीच्या माणसावर बसला की गोष्ट सुरू होते. डीएमचं लाडकं पात्र होण्याची भीती इथे संपते, कारण तो चुकतो, आणि निस्तरायचं खेळाडूंनी.

तांबूस | सोमवार, रात्री ११:०५

आणि शेवटी त्याला मारायचं. डीएनडीच्या १९८३च्या लाल डब्यातली (नवशिक्यांसाठीचा संच) अलीना आठवा. फ्रँक मेंट्झरने लिहिलेलं, एकट्याने वाचत खेळायचं ते पहिलं साहस. क्लेरिक अलीना आपल्याला भेटते, जखम बरी करते, खेळ कसा असतो ते तिच्याच तोंडून कळतं, आणि मग बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला जादूच्या बाणाने मारतो. चाळीस वर्षं झाली, लोक अजून बार्गलवर डूख धरून आहेत.

खडीसाखर | सोमवार, रात्री ११:२०

तांबूस, मनापासून असहमत. अलीनाचं मरण लागतं, कारण त्याआधी ती आपल्याशी बोललेली असते, आपल्याला शिकवते. ज्याचं नाव टेबलावर कोणाला आठवत नाही त्याला मारलं, तर खेळाडू फक्त “आता बरं कोण करणार?” एवढंच विचारतील. आणि खेळाडूंना रडवायचं म्हणून मुद्दाम पोर मारणं मला पटतच नाही. फाशाने मेला तर मेला, ते वेगळं.

तांबूस | मंगळवार, सकाळी ७:५०

फाशाने, हे मान्य. मुद्दाम मारू नये, बरोबर आहे तुझं.

पाचवा_फासा | मंगळवार, सकाळी ९:३०

मंत्र काढायचा हट्ट सोडतो. त्याऐवजी भीतीला फासा दे. १९८१च्या बेसिकमध्ये भाड्याच्या सोबत्यांना मोराल (धीराचा आकडा) असायचं आणि ते ठरायचं मालकाच्या करिष्म्यावरून (व्यक्तिमत्त्वाच्या आकड्यावरून). करिष्मा ९ ते १२ असेल तर सोबत्याचं मोराल ७. दोन फासे टाकायचे, सातपेक्षा जास्त आले तर तो कच खातो. तोबिनला हे लाव. मग तो कधी पुढे जाईल हे तुलाही आधी कळणार नाही, आणि लाडक्या पात्राचा प्रश्नच उरणार नाही.

आता ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या डीएनडीच्या २०२०च्या पुस्तकातले साइडकिक (सोबतच्या मदतनीस पात्राचे) नियमही आहेत. चॅलेंज रेटिंग (ताकदीचं माप) अर्धा किंवा कमी असलेला कोणीही साइडकिक करता येतो. अकोलाइटचं पाव आहे, त्यामुळे तो चालतो. पातळी पार्टीबरोबर वाढेल. पण मी घाई करणार नाही.

माडाची_सावली | मंगळवार, दुपारी १२:१०

रूनक्वेस्ट या दुसऱ्या खेळातला चलाना अरॉय पंथही कोणीतरी बघा. बरं करणाऱ्यांचा पंथ, आणि कोणालाही इजा करायची नाही अशी शपथ. असा दीक्षित पार्टीत आला की प्रत्येक लढाईआधी वाद होतो, आणि तो वाद होणं चांगलं.

दिवटी | पुढचा रविवार, रात्री १२:४०

सेशन आत्ताच संपलं. झोपण्याआधी लिहून टाकते.

‘उमेदवार’ शब्द पहिल्याच पाच मिनिटांत रुळला. कंदिलांच्या वातींचं सांगितलं, त्यावर कोणी काही बोललं नाही.

सिस्टर गॅरेलने पुस्तकात आहे तेच काम दिलं: चांदीचा कंगवा घेऊन अगाथा नावाच्या बॅन्शीकडे (एका बाईच्या भुताकडे) जा आणि एका जादूच्या पोथीबद्दल विचारा. ती स्वतः गेली होती, पण अगाथा तिच्यासमोर आलीच नाही. हे खेळाडूंना मी तोबिनच्या तोंडून कळू दिलं. रात्री शेकोटीपाशी तो म्हणाला, “ताईंना भेटली नाही ती. आणि ताईंना सगळं पाठ आहे. मला तिसऱ्या ओळीनंतर अडतं.” स्क्रीनवरचा आमचा जादूगार एकदम गप्प झाला. मग त्याने त्याच्या पात्राला तोबिनशेजारी बसवलं आणि तिसरी ओळ काय आहे ते विचारलं. मी ती लिहिलेली नव्हती. आम्ही दोघांनी तिथेच बसून लिहिली.

अगाथा भेटली, कंगवा घेतला, उत्तर दिलं. लढाई परतीच्या वाटेवर झाली, गॉब्लिनच होते. योद्धा पडला. तोबिनकडे एक स्लॉट उरला होता. मी नकाशावर अंतर मोजलं: पंचवीस फूट, मध्ये आडोसा काही नाही. मोरालचे दोन फासे सगळ्यांसमोर टाकले. नऊ.

मी म्हटलं, “तो उठत नाहीये. झाडाच्या बुंध्याला धरून बसलाय.” कोणी चिडलं नाही. योद्ध्याने डेथ सेव्ह (मरणातून वाचायचा फासा) काढला, हुकला. मग रोगची पाळी आली. जिला नाव आठवत नव्हतं, तीच. तिने बाण मारला नाही. तिचं पात्र त्या मोकळ्या जागेत जाऊन उभं राहिलं, गॉब्लिन आणि झाड यांच्या मधोमध, आणि ती ओरडली, “तोबिन! तिसऱ्या ओळीपासून!”

मी फासे पुन्हा टाकले. पाच. तो निघाला. एक बाण त्याला लागला, चार गेले. डी८ वर एक पडला. एक आणि दोन, तीन हिट पॉइंट. योद्धा तीन हिट पॉइंटवर उठून बसला आणि टेबलाभोवतीचे तिघंही उभे राहिले होते.

साइडकिक अजून केलेलं नाही. पाचपैकी एक धूपकाडी त्याने त्या रात्री लावली, कोणासाठी ते सांगितलं नाही.

आता एक नवीनच अडचण आहे. सगळे गेल्यावर रोगवाल्या मैत्रिणीचा मेसेज आला: “तोबिनच्या घरी कोण कोण असतं? पुढच्या वेळी वाटेत त्याचं गाव लागेल का?” मी काहीच ठरवलेलं नाही. शनिवारपर्यंत वेळ आहे.

रानजाई | रविवार, सकाळी ८:०५

आधी ती तिसरी ओळ इथे लिही.